आधी ऊन, मग सोफा

मे महिन्यातली संध्याकाळ. साडेपाचला संध्याकाळ म्हणायची सवय मुंबईची. नोएडात ती टळटळीत दुपारच असते. दादा-वहिनींच्या नव्या घरी आम्ही सात माणसं जमलो होतो. हॉल बावीस फूट बाय पंधरा फुटांचा, आणि सातही जण स्वयंपाकघराच्या दाराशी दाटीवाटीनं बसलेले: चौघं डायनिंगच्या खुर्च्यांवर, एक जण प्लास्टिकच्या स्टुलावर, दोघं फ्रिजला टेकून जमिनीवर. कीर्तीनगरहून हौसेनं आणलेला एल आकाराचा सोफा पलीकडे होता, पण त्यावर जागा नव्हती. त्यावर ऊन बसलं होतं.

आमचं बालपण डोंबिवलीच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. तिथे फर्निचर कसं मांडायचं हा प्रश्न कधी पडलाच नाही; कपाट जिथे मावलं तिथे ते उभं राहिलं आणि उरलेल्या जागेत आम्ही. पडदा कशासाठी, तर समोरच्या बिल्डिंगीतल्या काकूंना आपल्या ताटात काय आहे ते दिसू नये म्हणून. खिडकीतून वारा आला की पुण्य लागल्यासारखं वाटायचं. अशा घरात वाढलेल्या माणसाला बावीस फुटी हॉल मिळाला की तो सगळं सामान भिंतींना चिकटवतो आणि मधली जागा मोकळी ठेवतो. बघायला प्रशस्त वाटतं. पण चार माणसं बसली की लक्षात येतं, आपण एस.टी. स्टँडवर बसलोय. समोरच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो.

त्या महिनाभरात, आणि नंतर थंडीत पुन्हा तिथे गेल्यावर, वहिनींबरोबर मी दिल्लीतले पडद्यांचे आणि फर्निचरचे बाजार पालथे घातले. दुकानदार आधी रंग विचारतात, मग बजेट. खिडकी कोणत्या दिशेची, हे आम्हाला एकानंही विचारलं नाही. दिल्लीत खरा प्रश्न तोच आहे.

कागदी पट्ट्यांचा प्रयोग

दादाचा स्वभाव मोजामापाचा. त्यानं रंगकाम करणाऱ्यांची कागदी चिकटपट्टी आणली आणि एका रविवारी दर तासाला ऊन फरशीवर जिथवर पोचलं तिथे पट्टी लावून त्यावर वेळ लिहिली. पश्चिमेच्या अरुंद भिंतीत बाल्कनीचं आठ फुटी सरकतं काचेचं दार आहे आणि दक्षिणेच्या लांब भिंतीत पाच फुटी खिडकी. साडेचारला ऊन बाल्कनीच्या दारातून नऊ-दहा फूट आत आलं होतं. साडेपाचला ते थेट डायनिंग टेबलापाशी पोचलं. दक्षिणेच्या खिडकीतून मात्र दिवसभरात एक कवडसाही आत आला नाही. वहिनींनी जाड पडदे घेतले होते ते नेमके या दक्षिणेच्या खिडकीसाठी. ‘दक्षिण म्हणजे ऊन’ असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

यामागचं गणित शाळेच्या भूगोलाचं आहे. दिल्ली साधारण २८.६ अंश उत्तर अक्षांशावर. २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८५ अंशांवर, म्हणजे अगदी डोक्यावर असतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तरी पुरे, सावली खिडकीच्या खालपर्यंत उतरते. डिसेंबरच्या २१ तारखेला तोच सूर्य ३८ अंशांपर्यंतच चढतो, छज्ज्याखालून वाकून आत येतो आणि खिडकीपासून सहा-सात फुटांपर्यंत फरशी तापवतो. दक्षिणेची खिडकी अशी शहाणी: उन्हाळ्यात ऊन बाहेर ठेवते, हिवाळ्यात आत घेते. तिला जाड पडद्यानं झाकणं म्हणजे थंडीत फुकट मिळणारी शेगडी विझवणं.

पश्चिमेची गोष्ट उलटी. मावळतीकडे झुकलेला सूर्य आडवा येतो, त्याच्यापुढे छज्ज्याचं काही चालत नाही. उन्हाळ्यात चार-पाचच्या सुमारास पश्चिमेच्या एक चौरस मीटर काचेवर अंदाजे अर्ध्या किलोवॅटची उष्णता पडते. दादाकडचं दार पाच चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे ऐन मे महिन्यात अडीच किलोवॅटचा हीटर लावून ठेवल्यासारखं. साधी काच त्यातला चार-पंचमांश भाग आत सोडते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. त्याची निम्म्याहून जास्त ताकद नुसत्या या दारापायी खर्ची पडत होती.

दिवाणखान्याला भिंतीच नव्हत्या

त्याच आठवड्यात आईला लाल किल्ला दाखवायला नेलं. दिवाण-ए-खासपाशी थांबून तिनं चारही बाजूंच्या कमानी पाहिल्या आणि विचारलं, “एवढं उघडं? मग उन्हाळ्यात बसत कसे असतील?”

प्रश्न नेमका होता. १६३९ ते १६४८ या काळात शाहजहाननं बांधलेल्या या किल्ल्यातली दालनं आज संगमरवरी सांगाड्यासारखी दिसतात, कारण त्यांचे कपडे उतरले आहेत. ऋतू पाहून या दालनांना वेगवेगळा पेहराव चढवला जाई: कापडी कनाती, छत्रं, पडदे, चिक, खाली गालिचे. दालनांमधून ‘नहर-ए-बिहिश्त’ हा पाण्याचा पाट वाहायचा, तो वेगळाच. वाळ्याच्या मुळांचे पडदे करून त्यांवर पाणी शिंपडायचं आणि उन्हाळ्यात गारवा आणायचा, या युक्तीची नोंद तर अबुल फज्लनं ‘आईन-ए-अकबरी’तच केली आहे. गरम वारा ओल्या मुळांमधून येताना पाणी वाफ होऊन उडतं आणि हवा गार होते. पुढे दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांच्या खिडक्यांत जे कूलर घरघरू लागले, त्यांनी हेच तत्त्व पत्र्याच्या डब्यात बसवलं.

‘दिवाणखाना’ हा आपला शब्द फारसी दरबारी रीतीतून मराठीत आला. पडदा, गालिचा, तक्क्या हे शब्दही त्याच वाटेनं आले. मात्र दिल्लीच्या सर्वांत प्रसिद्ध दिवाणखान्यात मराठ्यांनी केलेला फेरफार सजावटीच्या उलट दिशेचा होता. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवण्यासाठी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे छत आपण नेलं आणि पडदे तेवढे त्यांच्याकडून शिकलो.”

पुण्याच्या वाड्यांमधल्या बैठकीत चिकाचे पडदे होतेच. बांबूच्या बारीक काड्या सुतानं विणलेला हा पडदा इंग्रजांनी दिल्लीतल्या बंगल्यांच्या व्हरांड्यांना टांगला. त्याची खुबी तीन गोष्टींत आहे. तो ऊन अडवतो, वारा सोडतो, आणि उजेड बाहेर असेपर्यंत आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं पण बाहेरच्याला आतलं दिसत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो काचेच्या बाहेर असतो. एकदा काचेतून आत शिरलेली उष्णता पडद्याला धडकून बरीचशी आतच राहते. तिला उंबऱ्याबाहेरच अडवावं लागतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे हेच सांगतात: बाहेरच्या कापडी छपरीमुळे पश्चिमेच्या खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता ७७ टक्क्यांपर्यंत कमी होते, तर मध्यम रंगाच्या, पांढऱ्या प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या आतल्या पडद्यामुळे ३३ टक्के.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आलेल्या परदेशी वास्तुविशारदांनाही हे उमगलं. एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी आखलेल्या, १९५९ साली उघडलेल्या अमेरिकन वकिलातीच्या काचेच्या भिंतींपुढे जाळीची दुसरी भिंत आहे. जोसेफ ॲलन स्टाइन यांनी १९६२ च्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये जाळ्यांचा असाच उपयोग केला. या सेंटरचे पहिले अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख. १९९३ साली पुऱ्या झालेल्या हॅबिटॅट सेंटरमध्ये स्टाइन यांनी अंगणांवरच निळ्या तावदानांची सावली धरली. पुढे काचेच्या टॉवरांची लाट आली आणि जाळी, छज्जा, चिक मागे पडले. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात घातली आहे. पण आधीच बांधून झालेल्या फ्लॅटमधल्या माणसाच्या हाती उरतो तो पडदाच.

लाजपतनगर ते पानिपत

दिल्लीत पडदा घ्यायला निघालं की पाय लाजपतनगरच्या सेंट्रल मार्केटकडे वळतात. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेली ही वस्ती. कापडाचे तागे, शिलाई आणि रॉड बसवणारा कारागीर असं सगळं तिथे एका गल्लीत मिळतं. नेहरू प्लेसला लोक कॉम्प्युटरसाठी ओळखतात, पण तिथेही कापडाची दुकानं आहेत. कॅनॉट प्लेसजवळचं शंकर मार्केट आहे, चांदनी चौकातला कटरा नील आहे. आणि सतरंज्या, गालिचे, पडद्याचं जाड कापड ज्या गावातून येतं ते पानिपत इथून नव्वद किलोमीटरवर. हे नाव उच्चारलं की मराठी माणसाच्या पोटात अजून कालवतं. दिल्लीकर मात्र तिथे चादरी घ्यायला जातो.

बाजारात पाय ठेवण्याआधी घरी माप घ्यावं. दादाच्या बाल्कनीच्या दाराची रुंदी ९६ इंच. रॉड दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच पुढे हवा, म्हणजे पडदा उघडल्यावर काचेवर न लोंबता भिंतीपाशी गोळा होतो. झाले ११२ इंच. पडद्याला चुण्या नीट पडायला कापड दुप्पट लागतं, म्हणजे २२४ इंच. ४८ इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर पाच भाग. उंची नऊ फूट आणि वर-खालच्या दुमडीसाठी एक फूट, असं प्रत्येक भागाला दहा फूट. एकूण पन्नास फूट, म्हणजे साधारण सव्वापंधरा मीटर. वहिनींनी आधी अंदाजानं नऊ मीटर घेतलं होतं. ते पडदे लावले तेव्हा ताणून बसवलेल्या चादरीसारखे दिसत होते. तयार पडदे बहुधा पाच, सात आणि नऊ फुटांचे मिळतात. आपली उंची साडेआठ असेल तर नऊ फुटी घेऊन खालून दुमड घालावी. सात फुटी लावला तर तो उटंगा दिसतो.

मग प्रकार. झेब्रा ब्लाइंडची दिल्लीत सध्या चलती आहे. दिसायला ते नेटके, पण मे-जूनच्या आंधीत राजस्थानकडून आलेली पिवळी धूळ त्याच्या पट्ट्यांत जाऊन बसते आणि ते धुणं कटकटीचं. मखमलीचंही तेच. दिवाळीच्या सुमारास धुरकं उतरतं, खिडक्या आठवडेच्या आठवडे बंद राहतात, तेव्हा घरातलं जाड कापड धूळ धरून ठेवणारं कोठार बनतं. म्हणून दिल्लीत पडदा घेताना पहिली कसोटी ही: तो काढून घरच्या मशीनमध्ये धुता येतो का? सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाचा पडदा आणि सुटं अस्तर असेल तर धुणं सोपं. पश्चिमेच्या उन्हात रेशमी कापड विरतं आणि गडद रंग विटतात. अस्तर आधी पडद्याला वाचवतं, मग खोलीला. लहान मुलं असतील तर लोंबत्या दोऱ्यांचे ब्लाइंड टाळावेत, त्या दोरीचा गळ्याला फास बसू शकतो.

शेवटी ठरलं ते असं. पश्चिमेला तीन थर. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला बांबूचा चिक, सोसायटीनं ठरवून दिलेल्या रंगाचा, आणि आंधीत तो फडफडून सुटू नये म्हणून खालची काठी कठड्याला बांधायची. काचेच्या आत दुहेरी रॉडवर एक पातळ पांढरा पडदा आणि एक अस्तराचा जाड. दक्षिणेला नुसता पातळ पडदा. आधी घेतलेले जाड पडदे वहिनींनी बेडरूममध्ये लावले. पहाटे पाचला उजाडणाऱ्या जूनमध्ये ते तिथे सत्कारणी लागले.

भिंत सोडायची हिंमत

ऊन मार्गी लागल्यावर सोफ्याकडे वळलो. मला आठवली ती कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या मनोरुग्णालयातली एक जुनी हकीकत. तिथल्या वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डाचं नूतनीकरण झालं होतं: नवी फरशी, नवे पडदे, नव्या खुर्च्या. तरी बायका एकमेकींशी बोलेनात. रुग्णालयाचे प्रमुख हम्फ्री ऑस्मंड यांनी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांना याचा छडा लावायला सांगितलं. सॉमर यांना दिसलं, की खुर्च्या भिंतींना लावून ओळीनं मांडल्या आहेत. त्यांनी छोटी चौकोनी टेबलं आणवली आणि खुर्च्या त्यांच्याभोवती लावल्या. सुरुवातीला रुग्णांना ते रुचलं नाही. पण काही आठवड्यांत त्यांचं आपसातलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. साडेपाच फुटांपर्यंतच्या अंतरावर माणसं समोरासमोर बसून सहज बोलतात, असंही सॉमर यांच्या प्रयोगांतून दिसलं. दादाच्या हॉलमध्ये समोरासमोरच्या भिंतींतलं अंतर पंधरा फूट.

आपल्या जुन्या बैठकीला हे न सांगता कळलं होतं. जाजमावर लोड-तक्के टाकले की माणसं वाटोळी बसायची. गरज पडली तर सरकायची, एक जण वाढला तर वर्तुळ मोठं व्हायचं. सोफा सरकत नाही, म्हणून तो ठेवताना विचार करावा लागतो.

आम्ही हॉलचे मनानं दोन भाग केले. सोफा पश्चिमेच्या कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्यावर आणला, त्याची पाठ डायनिंगकडे. ती पाठच दोन भागांमधली बुटकी भिंत झाली. समोर दोन सुट्या खुर्च्या, मध्ये पानिपतची सतरंजी. तिच्यावर सोफ्याचे आणि खुर्च्यांचे निदान पुढचे पाय टेकलेच पाहिजेत, नाहीतर सामान तरंगतंय असं वाटतं. सोफा आणि टीपॉय यांच्यात दीड फूट, म्हणजे कप ठेवायला वाकावं लागत नाही आणि गुडघाही आपटत नाही. सोफ्याच्या मागे तीन फुटांची वाट, स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन येणाऱ्याला अडू नये इतकी. टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर, सोफ्याच्या एका बाजूला. ५५ इंची टीव्हीला सात ते नऊ फुटांचं अंतर चालतं, ते बसलं. दक्षिणेची खिडकी मात्र टीव्हीच्या पडद्यात उमटायची. आता बातम्यांच्या वेळी पातळ पडदा ओढतात.

“पाहुण्यांना सोफ्याची पाठ दिसणार?” वहिनींना हे काही पटेना. दिल्लीतल्या पुष्कळ पंजाबी घरांत ड्रॉइंग रूम पाहुण्यांसाठी बंद करून ठेवतात आणि घरची माणसं लॉबीत बसतात. वहिनींच्या शेजारणीनंही तोच सल्ला दिला होता. दादा म्हणाला, “पाहुणे महिन्यातून दोनदा येतात. आपण रोज येतो.”

आईसाठी मात्र सोफा कामाचा नव्हताच. खोल, मऊ सोफ्यात बसलं की तिला उठताना दोघांचे हात लागत. तिला हवी होती फुटा-दीड फुटाची घट्ट बैठक आणि पाठ. उत्तर सापडलं रस्त्याकडेला. सरकंड्याच्या गवताचा आणि मुंजेच्या दोरीचा मूढा हरियाणात पिढ्यान्‌पिढ्या विणला जातो. दिल्लीच्या आसपासच्या रस्त्यांवर विणणारे माल मांडून बसलेले दिसतात. हलका, एका हातानं उचलता येणारा, उन्हाळ्यात अंगाला न चिकटणारा. अमर कॉलनीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आम्ही शिसमच्या खुर्च्या पाहिल्या, लोभावलोही. सागवानाशिवाय लाकूड न मानणाऱ्या दादाला सुतारानं समजावलं, की इकडे घराघरांत शिसमच. मे महिन्याची कोरडी हवा आणि श्रावणाची दमट हवा यांच्यात लाकूड आकसतं नि फुगतं, तेव्हा ते पुरतं वाळलेलं आहे ना एवढं बघा. आम्ही दोन खुर्च्या घेतल्या. आईनं मूढाच घेतला.

वर्षातून दोनदा

दिल्लीची जुनी घरं ऋतूबरोबर कूस बदलत. होळीनंतर गाद्या-रजया ट्रंकेत जात, चिक उतरत. दिवाळीच्या सुमारास सतरंज्या पसरल्या जात. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या पाच हवामान विभागांपैकी दिल्ली ‘संमिश्र’ विभागात येते. इथे एकाच खोलीला मे महिन्यातली ४५ अंशांची काहिली सोसावी लागते आणि जानेवारीत चार-पाच अंशांवर उतरणारी रात्रही. या दोन्हींना पुरेल अशी एक मांडणी नसतेच. त्यामुळे आता दादाच्या घरी होळीनंतर जाड पडदा दुपारी तीनलाच ओढला जातो आणि चिक खाली सोडतात. दिवाळीच्या आधी सगळे पडदे धुतले जातात, चिक गुंडाळून वर बांधतात, आणि सुट्या खुर्च्या दक्षिणेच्या खिडकीकडे वळतात. रात्री जाड पडदे जमिनीपर्यंत सोडले की काचेजवळ जाणवणारी थंडीची लाट बरीच अडते.

डिसेंबरात मी गेले तेव्हा सकाळी अकराचा सुमार होता. पश्चिमेकडच्या फरशीवर मे महिन्यातल्या दोन-तीन कागदी पट्ट्या अजून चिकटलेल्या होत्या, ‘५.३०’ हा आकडा पुसट झाला होता. सोफ्यावर आईचा नातू पुस्तक घेऊन आडवा पडला होता. आईनं मूढा उचलला, खिडकीपासून पाच-सहा फुटांवर जिथे ऊन संपत होतं तिथे ठेवला, पाय उन्हात आणि तोंड सावलीत येईल असा जरा फिरवला आणि बसली. तासाभरानं ऊन सरकलं तशी उठून तिनं मूढा वीतभर पुढे ढकलला. दादा तिथे नवी पट्टी लावायला आला, तर ती म्हणाली, “राहू दे रे. मी बसलेय ना, तीच खूण.”